किनाऱ्यावर दगड टाकायचा की दुसरं काही, हे गावाला विचारायचं कसं

समुद्र किनारा खातोय तिथे काय करावं हे गावाला विचारायचं काम पहिल्यांदा केलं तेव्हा मी काय माती खाल्ली ते आधी सांगतो, म्हणजे तुमची एक बैठक तरी वाचेल. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं जमवली, चादर बांधून प्रोजेक्टरवर चार फोटो दाखवले, दगडी बंधारा, टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे), जिओट्यूब (वाळू भरलेली लांब गोणी) आणि कांदळवन (खारफुटीची झाडं), आणि सरळ विचारलं की यातलं काय हवंय, हात वर करा. सगळे हात दगडाला. मी खुश, वहीत लिहूनसुद्धा टाकलं की सगळं गाव दगडी बंधाऱ्याच्या बाजूने. मग चहाच्या वेळी एक रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून लांब जाळं ओढणारे, काका बाजूला घेऊन म्हणाले, "सभेत हात वर केलंय खरो, पण दगड घातल्यार होडी खंय ओढतलंव?" मी म्हटलं मग तेव्हाच का नाही बोललात, तर म्हणाले समोर ज्यांचे माड गेल्या पावसात पडले ते बसलेत, त्यांच्या तोंडावर बंधारा नको कसं म्हणणार. ती वही अजून माझ्याकडे आहे, ते पान मी फाडलेलं नाही.

तर हे लिहितोय ते कोकणात अशा बैठका घेणाऱ्यांसाठी, म्हणजे ग्रामपंचायतीचे सदस्य, संस्थांची पोरं, प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, कोणी असाल ते. इंजिनिअरिंग शिकवत नाहीये, फक्त माणसांना विचारायचं कसं एवढंच.

सगळ्यात आधी शब्द नीट करून घ्या. "बंधारा" म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी वस्तू येते. समुद्राच्या बाजूला दगड रचलेला असतो तो धूपप्रतिबंधक बंधारा, तो पतन विभाग नाहीतर मेरिटाइम बोर्डाच्या फाईलमध्ये असतो. खाडीच्या बाजूला खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो, तो खारबंधारा, त्याला खारभूमी विभाग. दोन खाती, दोन फाईली, आणि गावात एकच शब्द. एका गावात अर्धा तास जोरात वाद चाललेला, मग लक्षात आलं की निम्मे लोक खाडीबद्दल बोलतायत आणि निम्मे समुद्राबद्दल. आणि एक गंमत म्हणजे रिपोर्टात दगडी भिंतीला "पारंपरिक उपाय" लिहितात, पण खरं पारंपरिक बघायचं तर अलिबाग-पेणच्या खारेपाटातले मातीचे बांध, त्यातल्या उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं, आणि पुळणीवरचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचं, केवड्याचं नि मर्यादवेलीचं रान. दगडी बंधारा त्यामानाने कालचा आहे. म्हणून गावात "पारंपरिक" आणि "आधुनिक" हे शब्द वापरूच नका, वस्तूचं नाव घ्या, दगड म्हणा, गोणी म्हणा, तिवर (कांदळवनातलं झाड) म्हणा.

मग किनारा कुठल्या जातीचा आहे ते बघा. हे महत्त्वाचं कारण शहरातून आलेली माणसं हमखास विचारतात की कांदळवन का लावत नाही. अहो ते उघड्या लाटांच्या पुळणीवर उभं राहत नाही, त्याला खाडीचा निवांत चिखल लागतो. उघड्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या, मर्यादवेल, केवडा, उंडी असली झाडं कामाची. सुरूचं बन आपल्याकडे खूप लावलंय, पण पुढची वाळूच सरकली की तीही मुळासकट आडवी होतात, कुठल्याही धुपणाऱ्या किनाऱ्यावर जाऊन बघा. देवबागसारख्या ठिकाणी तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे दोन्ही बाजूंची भाषा एकाच घरात बोलली जाते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चे उपग्रहाचे फोटो तपासून सांगितलंय की देशाच्या मुख्य किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग झिजतोय. महाराष्ट्राचं प्रमाण त्याहून कमी आहे, बराचसा किनारा स्थिर आहे. हे गावात सांगा, कारण प्रत्येक गावाला वाटतं की समुद्र फक्त आपल्याच मागे लागलाय, आणि प्रत्येक पुढाऱ्याला वाटतं की सगळ्याच किनाऱ्याला दगड हवा.

वेळ कशी निवडायची ते पण बघा, यात लोक खूप चुकतात. मच्छीमारांना गाठायचं तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा माणसं घरी सापडतात आणि समुद्र पण तेव्हाच घासत असतो, म्हणजे बोट दाखवून बोलता येतं. नारळी पौर्णिमेनंतर गेलात तर होडीवाला भेटणार नाही, फक्त ज्यांना वेळ आहे ते भेटतील आणि ज्यांना वेळ आहे त्यांचंच मत तुमच्या रिपोर्टात गावाचं मत म्हणून जाईल. माडांच्या बागांचे मालक मुंबईत असतात, ते मे महिन्यात आणि गणपतीत, पण गणपतीत बंधाऱ्याची बैठक घेऊ नका, कोणी ऐकणार नाही. आणि एकदा तरी उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, जा. तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सगळ्यात वर येतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी जाऊन पुळण बघून "इथे तर काहीच त्रास नाही" म्हणणारे साहेब मी पाहिलेत.

आता माणसं. यादी करायला बसलात की सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन अशीच नावं येतात, ती असू देत, पण किनाऱ्यावर चालत जा आणि जो माणूस त्या जागेवर हाताने काही करतो त्याला यादीत घाला. रापणवाले बघा. त्यांना जाळं ओढायला लांबलचक मोकळी वाळू लागते, दगड पडला की रापण संपली. त्यांचा दगडाला विरोध हा "विकासाला विरोध" नाहीये, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. छोट्या होडीवाल्याला पूर्ण पुळण नको असते, त्याला वाट हवी, बंधाऱ्यात ठराविक अंतरावर होडी चढवायला उतार ठेवलात तर तोच माणूस दगडाच्या बाजूने बोलतो. मोठ्या ट्रॉलरवाल्याला यातलं काहीच नको, त्याची बोट बंदरात लागते, त्याची काळजी वेगळी, पाण्याखाली रीफ, म्हणजे लाट मोडायला बुडता बांध, केली तर त्याच्या वाटेत येईल का एवढंच तो विचारतो, आणि तो प्रश्न बरोबर आहे.

बायकांना वेगळं भेटा, हे सौजन्य म्हणून सांगत नाहीये. मासळी सुकवतात त्या, उत्तरेकडे बोंबील सुकवायच्या वलांड्या (बांबूच्या मांडण्या) त्यांच्या जिवावर असतात, आणि ती जागा सातबाऱ्यावर कोणाच्याच नावावर नसते. त्यामुळे बंधाऱ्याच्या नकाशात ती जागा "मोकळी" म्हणून दिसते. दगड टाकायला, डंपर वळवायला, माल ठेवायला नेमकी तीच जागा घेतात. एका बाईंनी मला पावलांनी मोजून दाखवलं की कुठून कुठपर्यंत कोणाची सुकवायची जागा, एकही खूण नाही, पण भांडण पण नाही. असा नकाशा तुम्हाला कुठल्या ऑफिसात मिळणार नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे, ती कागदावर उरकतात बहुतेक ठिकाणी, तुम्ही खरोखर घ्यायला लावा.

माडाच्या बागायतीवाल्यांना दगड हवा असतो, आजच हवा असतो. त्यांना हसू नका. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं, दोन वर्षांत ज्याच्या बागेतली झाडं दोनदा पडली त्याला तुम्ही "वाळूचा नैसर्गिक प्रवाह" समजावायला गेलात तर तो तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाही. होमस्टेवाल्यांचं जरा गुंतागुंतीचं असतं, त्यांना घर वाचवायला भिंत हवी आणि पर्यटकाला दाखवायला पुळण हवी, एकाच वाक्यात दोन्ही मागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर असल्या ठिकाणी कासवमित्र असतात, मादीला अंडी घालायला वर वाळूपर्यंत यावं लागतं, दगडाच्या भिंतीवर ती चढत नाही. कासव महोत्सवावर गावात चार पैसे येतात म्हणून हे मत आता घरमालकांचं पण झालंय.

बैठकीत विचारायचं काय? "तुम्हाला काय हवं" हे विचारायचंच नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. विचारायचं की या जागेवर तुम्ही काय करता, कधी करता, पाणी पूर्वी कुठपर्यंत यायचं आणि आता कुठपर्यंत येतं, दुरुस्तीला शेवटचं कोण आलं होतं, आणि वाळू गेली तर तुमचं पहिलं काय बंद पडेल. सभामंडपात नको, जागेवर. वाळूत काठीने रेघ मारायला सांगा, मी पाटीवर नकाशा काढून बघितला तेव्हा फक्त शिकलेले बोलले, वाळूत रेघा मारल्या तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्या हातातून काठी घेतली. एक म्हणतो विहीर इथे होती, दुसरा म्हणतो नाही रे त्याच्या पुढे, आणि दोघं मिळून पन्नास वर्षांचा किनारा तुमच्या समोर काढतात.

यानंतर, दुसऱ्या भेटीत, पर्याय दाखवा. आणि दाखवताना विक्रेता होऊ नका. नवीन गोष्ट आवडणाऱ्या आपल्यासारख्या लोकांची ही खोड आहे, जिओट्यूबचे फक्त पहिल्या वर्षीचे फोटो दाखवतो. जिओट्यूब म्हणजे जाड कापडाची लांब गोणी, त्यात पाण्यासकट वाळू भरतात. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पेंठा गावात आयआयटी मद्रासच्या डिझाइनने ५०५ मीटरचा असा बांध केलाय. पण आंध्रात उप्पाड्याला समुद्राने अशाच गोण्या काही वर्षांत फाडल्या, ते पण सांगा. मच्छीमार लगेच विचारेल, नांगर लागला तर, कोणी कोयता मारला तर, उन्हाने कापड गेलं तर? तिन्ही शंका रास्त आहेत. पुदुच्चेरीचं उदाहरण लोकांना पटतं कारण अनेकांनी ते पाहिलेलं असतं, तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराची भिंत बांधल्यावर दक्षिणेकडून येणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण गेली, नुसते दगड उरले, मग २०१८ च्या सुमारास पाण्याखाली रीफ बसवली आणि वाळू टाकली, तेव्हा समोर पुळण परत आली.

दगड आणि टेट्रापॉडचं पण दोन्ही सांगा. केरळात चेल्लानमला सात किलोमीटरच्या वर टेट्रापॉडची भिंत घातली, त्या पट्ट्यातल्या घरांत पाणी शिरायचं ते थांबलं, लोक खुश. पण भिंत संपते त्याच्या पुढचे कन्नमालीकडचे लोक रस्त्यावर उतरले की आता सगळा समुद्र आमच्याकडे येतोय, आम्हालाही भिंत द्या. असंच होतं, लाट भिंतीवर आपटून मागे जाते, पायथ्याची वाळू उकरते आणि जिथे भिंत संपते तिथे खायला सुरुवात करते. म्हणून बैठकीला शेजारच्या वाडीला पण बोलवा. हा माझ्या मते सगळ्यात जास्त विसरला जाणारा माणूस, बंधाऱ्याच्या टोकाच्या पलीकडचा. तो तुमच्या ग्रामपंचायतीत नसेल तरी. रत्नागिरीत मिऱ्याचा बंधारा कित्येक वर्षं फुटतोय आणि बांधला जातोय, निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज येऊन त्याच बंधाऱ्याला टेकलं, तिथल्या माणसाला दगड टिकतो का म्हणून विचारा, तो तुम्हाला प्रत्येक पावसाळ्याचा हिशोब देईल.

आता दोन्हीचं मिश्रण करायचा काळ आहे, २०२४ च्या शेवटी आशियाई विकास बँकेने महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४.२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं त्यातसुद्धा समुद्रातली रीफ, दगडकाम आणि वाळू भरणं असं एकत्रच आहे. त्यामुळे गावात "हे की ते" असा सामना लावण्यात अर्थ नाही, कुठे काय असं विचारा. वाडीतल्या पन्नास मीटरला दगड आणि त्यापुढे होडीची वाट आणि मग मर्यादवेल, असं उत्तर लोक स्वतः देतात, फक्त त्यांना तेवढी जागा द्यायला लागते.

खाडीच्या बाजूचं प्रकरण वेगळं आणि जास्त कडू आहे. शहरात कांदळवन म्हणजे चांगली गोष्ट, बरोबर? खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या बांधाला उधाणात खांड (भगदाड) पडते, वेळेवर कोणी बुजवत नाही, खारं पाणी भातखाचरात शिरतं, दोन-तीन वर्षांत तिवरं उगवतात, आणि मुंबई हायकोर्टाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनंतर कांदळवन तोडता येत नाही. म्हणजे सातबारा त्याचा, पण जमीन गेली. त्याच्यासमोर "निसर्गावर आधारित उपाय" असा शब्द काढलात तर तो उठून जाईल आणि जायलाच पाहिजे. आणि तरी बांधाच्या बाहेरच्या बाजूला तिवरांची रांग असेल तर बांध टिकतो हे त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. बाहेर हवीत, आत नकोत. एवढी एक रेघ नीट समजून घेतली तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाचा माणूस आणि शेतकरी एका सतरंजीवर बसू शकतात. पूर्वी हे बांध गावच सांभाळायचं, जोळ म्हणायचे, प्रत्येक घरातून माणूस, खांड पडली की रात्री पण बाहेर. बांध सरकारी योजनेत गेले तशी ती सवय सुटत गेली. म्हणून इथे मुख्य प्रश्न माती की काँक्रीट हा नाहीच, खांड पडली त्या रात्री कोण येणार हा आहे.

यात कोळंबीवाले पण असतात. गोव्याच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांत, हे भांडण जुनं आहे, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) मासे धरायचा लिलाव होतो, ज्याने लिलाव घेतला त्याला खारं पाणी आत हवं, शेतकऱ्याला बाहेर, आणि मानस उघडी कोण ठेवतो यावर दर वर्षी वाद. आपल्याकडे पण ज्यांनी शेती सोडून जागा कोळंबीला दिली त्यांना फुटका बांध तितका वाईट वाटत नाही. हे कोणी सभेत बोलणार नाही. घरी जाऊन, एकटं, आणि नाव न लिहिता विचारा. आणि कोणी कोणावर बांध मुद्दाम फोडल्याचा आरोप केला तर ऐकून घ्या, कागदावर नाव टाकू नका, नाहीतर तुमचा रिपोर्ट पुढच्या कोर्टकेसचा पुरावा होईल.

इंजिनिअरला शत्रू समजू नका, त्याला पण बसवून विचारा. दगडाला सरकारी दरसूची असते, टेंडरचा नमुना तयार असतो, ठेकेदार तालुक्यात मिळतो, आणि दगड ढासळला तर डोळ्यांनी दिसतो, मोजता येतो. पाण्याखालच्या रीफचं काय झालं हे तपासायला पाणबुड्या लागतो आणि त्याचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा हेच त्याला माहीत नसतं. एका साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं, नवीन काही केलं आणि फसलं तर चौकशी माझी, दगड फसला तर समुद्राची चूक. यात खोटं काही नाही. ठेकेदाराचा माणूस सभेत असतोच, त्याला बाहेर काढू नका पण पहिला माईक देऊ नका.

शेवटी लिहायचं कसं. टक्के काढू नका. साठ माणसांतल्या पंचेचाळिसांनी दगड म्हटलं याचा अर्थ काहीच होत नाही जर उरलेल्या पंधरात गावातले सगळे रापणवाले असतील. प्रत्येक गटासाठी दोन ओळी पुरतात, काय झालं तर चालेल आणि काय झालं तर अजिबात चालणार नाही. हॉलंडात १९५३ च्या पुरात १८३६ माणसं गेल्यावर सरकारने खाड्या बंद करायचं ठरवलं, सगळ्यांना संरक्षण हवंच होतं, पण ओस्टरशेल्डेच्या खाडीवर कालवं-शिंपल्यांवर जगणारे आणि निसर्गवाले उभे राहिले, त्यांचं "अजिबात चालणार नाही" एवढंच होतं की भरती-ओहोटी थांबता कामा नये. मग पक्की भिंत रद्द होऊन ६२ दारांचा बांध झाला, १९८६ ला, एरवी उघडा, वादळ आलं की बंद. उघाडीच ती, फक्त अवाढव्य.

रिपोर्ट इंग्रजीत देणार असाल तरी गावासाठी मराठीत दोन पानं करा आणि ती मोठ्याने वाचून दाखवा, कारण कागद वाटला की तो तांदळाच्या डब्यावर जातो. वाचताना लोक मधेच अडवतील, हे मी असं बोललोच नव्हतो म्हणतील, ते तिथेच बदला. मतभेद आहेत तसे ठेवा, ठरावात "सर्वानुमते" लिहायची घाई ग्रामसेवकाला असते, त्याला थांबवा. पुढे सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) परवानगीसाठी फाईल किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाईल तेव्हा ही दोन पानं आणि वाळूतल्या नकाशाचे फोटो सोबत लावा, तारीख आणि तिथी दोन्ही घालून. आणि काम सुरू झालं की पहिल्या मोठ्या उधाणाला परत जा, होडीच्या वाटेवर उभं राहून बघा, कारण नकाशात ठेवलेली वाट प्रत्यक्षात दोन दगडांनी बुजलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे, आणि ते दगड काम चालू असताना हलवायला एक जेसीबी आणि अर्धा तास पुरतो, बिल निघाल्यावर कोणी हलवत नाही.